जवारीचा हिशेब

पांढरकवड्याच्या बाजारात ‘जवारी कशी दिली?’ असे विचारले, तर दुकानदार पोत्यात हात घालून मूठभर दाणे तुमच्यापुढे धरील. आमच्या वऱ्हाडी बोलीत जवारी म्हणजे ज्वारी. भाकरीची. त्यामुळे गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी माझी थोरली बहीण माजघरातून ‘जवारी गेली रे बापू, पार गेली,’ असे म्हणाली, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी आधी धान्याची कोठी उघडून पाहिली. कोठीत पायली-दोन पायली शिल्लक होती. गेली होती ती तंबोऱ्याची.

माईचे वय आता ब्याऐंशी. चाळीस वर्षे तिने या गावातल्या मुलींना गाणे शिकवले. कोणी मोठी गायिका झाली नाही, पण लग्नाच्या मांडवात किंवा भजनात एखादी बाई नेमक्या सुरात उभी राहिली की जुने लोक म्हणत, ‘ही माईकडची दिसते.’ तंबोरा आमच्या वडिलांनी १९६२ साली मिरजेहून आणवला होता. कापसाच्या एका चांगल्या हंगामात जे काय हाती राहिले, ते सारे त्यात गेले आणि त्यावरून घरात आठ दिवस अबोला होता, एवढे मला आठवते. तेव्हापासून तो माईच्या खाटेशेजारच्या खुंटीपाशी उभा आहे. माईला अलीकडे कमी ऐकू येते. टाळ्या, फोनची घंटा, सुनेची हाक यांतले तिला काही कळत नाही. परंतु तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हनुवटी टेकवून ती तारा छेडते, तेव्हा तिला सगळे ऐकू येते.

तर तो तंबोरा मुका झाला होता. तारा वाजत होत्या, सूरही लागत होते. मला, म्हणजे आयुष्यभर जिनिंगमध्ये दिवाणजी म्हणून खतावण्या लिहिलेल्या माणसाला, त्यात फारसे काही बिघडलेले दिसेना. माई म्हणाली, “अरे, खर्जातून गंधार निघत नाही. नुसतं ठण्ण वाजतं आणि मरतं. ह्याच्यात जीव नाही राहिला.”

जवारी म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी तंबोरा नाही त्यांच्यासाठी सांगतो. भोपळ्यावरच्या लाकडी तबलीवर एक रुंद, चपटी घोडी बसवलेली असते. सारंगीची किंवा व्हायोलिनची घोडी धारदार असते. तार तिच्यावरून टोकाला शिवून जाते. तंबोऱ्याची घोडी तशी नाही. ती बोटभर रुंद आणि वरून अगदी किंचित, डोळ्याला न दिसेल इतकी, गोलावलेली असते. तार तिच्यावर निजते आणि मग हळूच उठते. ती कोठे उठते, त्या जागी तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात. धागा केसभर पुढे-मागे केला की आवाज उघडतो किंवा मिटतो. हा जो घोडीचा उतार आणि त्यावरचा धागा, त्याने येणारी जी गुंजन, ती जवारी. वर्षानुवर्षे तारा घासून घोडीवर चरे पडतात, उतार मोडतो आणि जवारी जाते.

आमच्या गावात सुतार आहेत, चांगले आहेत. एकाला बोलावले. त्याने घोडीवर अंगठा फिरवला, तार छेडली आणि हात जोडून म्हणाला, “दिवाणजी, हे माह्या हातचं काम नाही. चौकट सांगा, दार सांगा.” त्याचे मला फार कौतुक वाटते, कारण आपल्याला काय येत नाही हे त्याला ठाऊक होते. मला ते ठाऊक नव्हते.

मी काय केले, ते आता सांगायला लाज वाटते. माई दुपारी निजलेली असताना तारा सैल केल्या आणि कानस घेऊन ते चरे घासून घोडी साफ सपाट केली. गुळगुळीत! वर काचकागदही फिरवला. माझ्या हिशेबी चऱ्यांनी आवाज अडत होता; चरे गेले की आवाज मोकळा होणार. संध्याकाळी माईने तारा चढवल्या, एकदाच छेडल्या, आणि तंबोरा भिंतीला टेकवून ठेवला. काही बोलली नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

प्रायश्चित्त म्हणून मी नागपुराहून तंबोऱ्याची विजेवर चालणारी पेटी आणली. तिची मी निंदा करणार नाही. बंगळूरचे जी. राज नारायण हे इंजिनियर आणि बासरीवादक गृहस्थ. त्यांनी १९७९ च्या सुमारास अशी पेटी तयार केली आणि त्यानंतर साथीला माणूस नसलेल्या हजारो गाणाऱ्यांची सोय झाली. आता तर ती मोबाईलमध्येही येते. माईने पेटी दोन दिवस लावली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “चांगली आहे. पण ही दर खेपेला तेच म्हणते रे. तंबोरा दर खेपेला थोडं वेगळं म्हणतो.” आणि बटण बंद केले.

मी हे सारे माझ्या भाच्याला कळवले. तो नागपुरात पदार्थविज्ञान शिकवतो. त्याने मला रागे न भरता एक जुना लेख पाठवला, पाचेक पानांचा आणि इंग्रजी. लेखाचे साल १९२१, लेखक चंद्रशेखर वेंकट रामन. विषय, काही भारतीय तंतुवाद्ये. सोबत भाच्याने लिहिले होते : ‘मामा, तुम्ही कानशीने काय घालवलंत ते यात आहे.’

रामन म्हटले की आपल्याला १९२८ चा प्रकाशाचा शोध आणि १९३० चे नोबेल पारितोषिक आठवते. पण त्यांची पहिली प्रीती नादावर होती. वडील व्हायोलिन वाजवीत, पत्नी लोकसुंदरी वीणा वाजवीत. १९०७ साली वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या आतच ते सरकारी अर्थखात्यात कलकत्त्याला हिशेबाचे अधिकारी झाले. १९०९ साली त्यांनी चक्क एकतारीवर एक टिपण छापले. त्याच सुमारास त्यांची बदली रंगूनला आणि मग आमच्या नागपूरला झाली. १९११ साली ते कलकत्त्याला परतले. म्हणजे पांढरकवड्यापासून दीडेकशे किलोमीटरवर हा माणूस सरकारच्या वह्या तपाशीत बसला होता! कलकत्त्यात बहुबाजार रस्त्यावर महेंद्रलाल सरकारांनी १८७६ साली स्थापलेली विज्ञानसंस्था होती. कचेरीच्या आधी आणि कचेरीनंतर रामन तेथे जाऊन प्रयोग करीत. १९१७ साली त्यांनी ती मोठ्या पगाराची नोकरी सोडली आणि विद्यापीठात प्राध्यापकी पत्करली. १९२० साली त्यांनी एका सहकाऱ्यासह मृदंग-तबल्याच्या सुरेलपणाचे कारण दाखवले, आणि पुढच्या वर्षी तंबोऱ्याला व वीणेला हात घातला.

एका हिशेबनिसाने लिहिलेले दुसऱ्या हिशेबनिसाला कळावे, म्हणून असेल कदाचित, पण तो लेख मला शब्दकोश घेऊन चार संध्याकाळींत समजला. जसा समजला तसा सांगतो.

कोणतीही ताणलेली तार छेडली की तिच्यातून एकच सूर निघत नाही. मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वेगाने कंप पावणारे बारीक सूर निघतात. त्यांना उपस्वर म्हणू. दुसरा उपस्वर म्हणजे वरचा षड्ज, तिसरा त्याच्या वरचा पंचम, चौथा पुन्हा षड्ज, आणि पाचवा गंधार. खर्जाच्या तारेतून जो न लावलेला गंधार ऐकू येतो, ज्याला आपले गवई स्वयंभू गंधार म्हणतात, तो हा पाचवा. प्रत्येक उपस्वराची तारेवर काही ठिकाणे अशी असतात की तेथे तो हलतच नाही. दुसऱ्याचे असे ठिकाण तारेच्या बरोबर मध्यावर. आता इंग्लंडातल्या टॉमस यंग या विद्वानाने १८०० साली एक नियम सांगितला, आणि पुढे जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने तो पक्का केला : ज्या ठिकाणी एखादा उपस्वर हलत नाही, तेथेच तार छेडली, तर तो उपस्वर उमटणार नाही. मध्यावर छेडा, दुसरा, चौथा, सहावा हे सम क्रमांकाचे सारे गप्प.

माझ्या भाषेत सांगायचे, तर तार म्हणजे पेढी आणि प्रत्येक उपस्वराचे तिच्यात वेगळे खाते. तार छेडताना ज्या खात्यात जेवढे जमा केले, तेवढेच हळूहळू खर्ची पडणार. ज्या खात्यात छेडताना शून्य जमा, तेथे शेवटपर्यंत शून्य. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वर्ग होत नाही. शास्त्रज्ञ याला रेषीय म्हणतात. हिशेब सरळ, वही स्वच्छ.

आता तंबोऱ्याकडे पाहा. तंबोरा आपण छेडतो कोठे? जवळजवळ तारेच्या मध्यावर! म्हणजे नियमाप्रमाणे वरचा षड्ज त्यातून जेमतेम निघावा. आणि निघतो तर किती? खोली भरून. रामन यांनी हे तपासून पाहिले. उपस्वर जेथे हलत नाही नेमक्या त्याच बिंदूवर तार छेडली, तरी तो उपस्वर खणखणीत उमटला. ज्या खात्यात दमडी भरली नव्हती, त्यातून रुपये निघू लागले. दुसरा कोणी म्हणाला असता की छेडताना बोट चुकले असेल. रामन म्हणाले की नियम येथे लागू पडत नाही, आणि त्याचे कारण घोडीत आहे.

झाले असे की तार खाली येताना घोडीच्या उतारावर निजते आणि वर जाताना उठते. म्हणजे प्रत्येक कंपात तिची मोकळी लांबी बदलते. तार जोरात हलत असेल तर ती उतारावर जास्त निजते, मंद झाली की कमी. दुप्पट जोराने छेडले की सगळेच दुप्पट झाले, असे येथे घडत नाही. आवाजाची जातच बदलते. या निजण्या-उठण्याच्या वेळी खालच्या उपस्वरांच्या खात्यांतली शक्ती वरच्या खात्यांत वर्ग होते, सारखी, कंपाकंपाला. म्हणून तार मंद होत असतानाही वरचे सूर एकामागून एक उजळत जातात. तुम्ही तंबोऱ्याला कान लावून बसा. एका छेडीत सुरांची एक झुळूक वरून खाली घसरताना ऐकू येईल. या प्रकाराला शास्त्रात अरेषीय म्हणतात. आणि मी ती घोडी सपाट करून सगळी वर्गवारी बंद पाडली होती. वही स्वच्छ केली होती म्हणा ना!

या गोष्टीचे मोल जगाला उशिरा कळले. खाती एकमेकांत मिसळतात याची चाहूल युरोपात तार्तिनी या व्हायोलिनवाल्याला १७१४ साली लागली होती. दोन तारा एकदम जोरात वाजवल्या की तिसराच एक खालचा सूर ऐकू येतो, असे त्याच्या ध्यानात आले. तो सूर बराचसा आपल्या कानातच जन्म घेतो. पुढे १९६३ साली अमेरिकेतल्या वेस्टरव्हेल्टने गणिताने दाखवले की माणसाला ऐकू न येणारे दोन अतिशय उंच ध्वनी जोराने एका दिशेला सोडले, तर माध्यमातच त्यांच्या वजाबाकीचा, ऐकू येणारा ध्वनी तयार होतो. चाळीस हजार आणि एक्केचाळीस हजार कंपांचे ध्वनी सोडा, हजार कंपांचा सूर हाती येईल, आणि तोही टॉर्चच्या झोतासारखा सरळ एकाच जागी पडेल. याचा उपयोग आधी समुद्राच्या पोटात शोध घेण्यासाठी झाला. १९८३ साली जपानात योनेयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर हवेत बोलणारा कर्णा करून दाखवला. शेजाऱ्याला त्रास न देणारा कर्णा! आमच्या गावात गणपतीच्या दिवसांत त्याची फार गरज आहे, पण तो विषय वेगळा.

मला कुतूहल होते ते आपल्याकडचे. घोडीला उतार द्यावा आणि तारेखाली काही सरकवावे, हे सुचले कोणाला? त्याचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. पण लेखी पुरावा मराठी मुलुखातच सापडतो. देवगिरीच्या यादवांकडे, सिंघण राजाच्या काळी, म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. त्याचा ‘संगीतरत्नाकर’ सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या सहाव्या, वाद्यांच्या अध्यायात एकतंत्री वीणेचे वर्णन येते. तिच्या घोडीवर धातूची पत्रिका बसवायची, ती कासवाच्या पाठीसारखी मध्ये किंचित उंच. आणि तार व पत्रिका यांच्यामध्ये बांबूची एक बारीक कीस सरकवायची. त्या किशीला त्याने नाव दिले आहे ‘जीवा’. जवारी आणि जीवा हे नात्यातले शब्द असावेत, असे मला आपले वाटते. माईने तर तंबोऱ्यात जीव राहिला नाही, असे न शिकताच म्हटले होते. कासवाची पाठ आणि मधली कीस, म्हणजे आजची घोडी आणि आजचा धागा. यंगच्या नियमाच्या साडेपाचशे वर्षे आधी तो नियम मोडण्याची युक्ती दौलताबादेच्या डोंगराखाली लिहून ठेवलेली होती.

आणि हा शार्ङ्गदेव दरबारात होता कोण? श्रीकरणाधिप. राज्याच्या जमाखर्चाचा मुख्य. हे वाचून मी सौभाग्यवतींना मोठ्याने वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “सगळेच दिवाणजी तंबोरे बिघडवत नाहीत तर.”

शेवटी दसऱ्यानंतर मी तंबोरा गोधडीत गुंडाळला आणि मिरजेला निघालो. पांढरकवड्याहून बसने वर्धा आणि वर्ध्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस. गाडीत जो तो विचारी, ‘आजोबा, कोठे कार्यक्रम?’ दुसऱ्या दिवशी मिरजेला उतरलो.

मिरजेची कथा अशी सांगतात की १८५० च्या आसपास तेथे फरीदसाहेब नावाचे शिकलगार होते. शिकलगार म्हणजे तलवारी, कट्यारी यांना धार लावणारे. इंग्रजी अंमलात तलवारी म्यानात गेल्या आणि धंदा बसला. मिरज पटवर्धनांचे संस्थान, तेथे गवई-बजवय्यांची ये-जा. त्यांची मोडकी वाद्ये दुरुस्त करता करता या घराण्याने तंबोरे आणि सतारी घडवायला सुरुवात केली आणि शिकलगारांचे सतारमेकर झाले. भोपळे जवळच, भीमेच्या काठच्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या मुलुखात पिकत. लोक हा योगायोग म्हणतात. मला तसे वाटत नाही. पात्यावर धार आली की नाही हे ज्याच्या अंगठ्याला कळते, त्यालाच घोडीवर उतार आला की नाही हे कळणार. पोलाद जाऊन तेथे शिंग आले, अंगठा तोच.

याच मिरजेत पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ स्थायिक झाले. वाद्ये स्वतःच्या हाताने दुरुस्त करण्यात आणि तंबोऱ्याची जवारी लावण्यात त्यांचा हातखंडा होता. सांगलीचे देवल, हेही निवृत्त डेप्युटी कलेक्टर, म्हणजे पुन्हा सरकारी कागदांतलाच माणूस, श्रुतींची मोजमापे घेत होते. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० चे. त्या कामाला खाँसाहेबांच्या गळ्याची मदत झाली. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना खाँसाहेब वारले आणि मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केले. मी तंबोऱ्यासह आधी तेथे गेलो. मग सतारमेकर गल्लीत.

ज्यांच्या दुकानी गेलो ते कारागीर माझ्याच वयाचे. गोधडी सोडली, घोडी पाहिली, चष्मा कपाळावर चढवला.

“कानस कुणी मारली?”

“एका गाढवानं,” मी म्हणालो.

“गाढव दुसऱ्या गल्लीतलं का तुमच्या घरातलं?”

“घरातलं, चाचा.”

ते हसले नाहीत, पण मला बसायला स्टूल दिले. ती घोडी सांबरशिंगाची होती. आता तसे शिंग मिळत नाही; १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बरोबरही नाही. सांबरे आमच्या शेजारच्या टिपेश्वरच्या जंगलात जिवंत हिंडतात तीच बरी. हल्ली लाकडाच्या, हाडाच्या किंवा कृत्रिम पदार्थाच्या घोड्या करतात. पण जुनीत अजून जाडी शिल्लक होती. “हिलाच उठवू,” चाचा म्हणाले.

मग जे पाहिले ते मी कधी विसरणार नाही. चार तारा, प्रत्येकीचा उतार वेगळा. पोलादी तारांचा एक, खर्जाच्या जाड पितळी तारेचा दुसरा. कानस फिरवायची ती दोन-तीनदा, तीही इतकी हलकी की भुगा दिसू नये. फुंकर. तार चढवायची, सुरात आणायची, छेडायची, कान भोपळ्याकडे. मान हलायची, नाही म्हणून. तार उतरवायची. पुन्हा दोनदा कानस. असे किती वेळा झाले ते मी मोजायला लागलो, तीसपर्यंत मोजले आणि सोडून दिले. मापाची पट्टी नाही, यंत्र नाही. दोन दिवस लागले. मधे त्यांचा नातू चहा घेऊन आला. तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. मी विचारले, “हा शिकला नाही?” चाचा म्हणाले, “सतार जोडायला शिकला. जवारी शिकायला दहा वर्षं लागतात दिवाणजी, आणि दोन दिवस बसून जवारीचं गिऱ्हाईक देतं किती?” तेही खरेच. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा त्यांना आनंद होता. पण मानांकन तंबोऱ्याला मिळते. अंगठ्याला कोण देणार?

मी त्यांना रामन यांच्या लेखाची गोष्ट सांगितली. मध्यावर छेडूनही वरचा षड्ज निघतो आणि तो का निघतो, ते सगळे. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, “त्या साहेबांनी जवारी चांगली लागलेला तंबोरा घेतला असणार. बिघडलेला घेतला असता तर नियम बरोबरच निघाला असता.”

मी परतीच्या गाडीत रात्रभर या वाक्याचा विचार केला. बरोबर आहे की! माझ्या कानशीने सपाट केलेल्या घोडीवर यंगचा नियम अगदी चोख लागू पडला असता. कलकत्त्यातल्या त्या खोलीत रामन यांच्या हाती जो तंबोरा होता, त्याची जवारी कोणी तरी लावलेली होती, आणि त्याचे नाव त्या पाच पानांत नाही.

घरी आलो तो दिवाळी चार दिवसांवर. माई ओसरीवर वाती वळीत बसली होती, पुढ्यात आमच्याच शेतातल्या कापसाची लड. तंबोरा पाहून तिने हात पुसले आणि तो मांडीजवळ उभा करवून घेतला. मला मात्र आधी प्रयोग करायचा होता. शिंप्याचा फीत घेऊन मी खर्जाच्या तारेचा बरोबर मध्य काढला आणि खडूने खूण केली. वाटेत धागे निघून पडले होते, म्हणजे जवारी मिटलेलीच होती. खुणेवर तार छेडली आणि लगेच त्याच खुणेवर बोट हलकेच टेकवले. मध्यावर बोट ठेवले की विषम उपस्वर मरतात; सम असतील तर तेवढे उरतात. आवाज जवळजवळ संपला. यंगसाहेब खरे ठरले.

“काय चाललंय पोरखेळ?” माई म्हणाली.

“माई, आता धागे घाल.”

मी शिवणाचे रीळ पुढे केले. तिने ते बाजूला सारले. त्याला पीळ फार, म्हणाली. समोरच्या लडीतून चिमूटभर कापूस घेतला, मांडीवर वळला, वातीसाठी वळतात त्याहून बारीक, आणि तो धागा खर्जाच्या तारेखाली घातला. मग हनुवटी भोपळ्यावर टेकवून, डोळे मिटून, तो नखाने केसभर वर, केसभर खाली करू लागली. एका जागी तार उघडली. ओसरीवर काम करणारी सून हातातले सूप घेऊन तशीच उभी राहिली.

मी खुणेवर पुन्हा छेडली आणि बोट टेकवले. मूळ सूर गेला. वरचा षड्ज राहिला, स्वच्छ, वीतभर उंच ज्योतीसारखा, आणि माझे बोट तारेवर असतानाच बराच वेळ तेवत राहिला.

मी माईला शार्ङ्गदेव, यंग, रामन यांचे सगळे सांगू लागलो. तिने मान हलवली, पण तिला ते ऐकू येत नव्हते हे मला दिसत होते.

“बोट काढ,” ती म्हणाली. “मला गंधार ऐकू दे.”